बर्फ वितळतो, फाइल उघडत नाही

७ फेब्रुवारी १९६६ रोजी श्रीनगरहून जम्मूकडे निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं फॉकर विमान बनिहाल खिंडीजवळ डोंगरावर आदळलं. आतले ३७ जण गेले. बरोबर दोन वर्षांनी, ७ फेब्रुवारी १९६८ रोजी, चंदिगडहून लेहला निघालेलं हवाई दलाचं एएन-१२ हे मालवाहू विमान हवामान बिघडल्यामुळे परत फिरलं आणि रोहतांग खिंडीच्या आसपास कुठेतरी नाहीसं झालं. त्यात १०२ जण होते. तारीख तीच, ऋतू तोच, पर्वतही तोच. असल्या योगायोगांत मला फारसा रस नाही. फरक कुठे पडला ते सांगतो. पहिलं विमान नागरी होतं, म्हणून त्याची चौकशी १९३७ च्या विमान नियमांखाली येत होती. दुसरं लष्करी होतं, म्हणून त्याची चौकशी झाली ती हवाई दलाच्या चार भिंतींत. हिमालयाने दोघांना एकाच मापाने मोजलं. आपण मात्र दोन वह्या घातल्या, आणि त्यातली एक आजवर कुलपात आहे.

ती दुसरी वही उघडली पाहिजे, असं मला या लेखात म्हणायचं आहे. हे विधान देशभक्तीच्या विरोधात जातं असं मानणारे बरेच लोक मला भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एएन-१२ चं पुढे काय झालं? पस्तीस वर्षं काहीच नाही. २००३ मध्ये मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या पथकाला लाहौल-स्पितीतल्या ढाका हिमनदीवर विमानाचे तुकडे आणि एका जवानाचा मृतदेह दिसला. मग लष्कराच्या मोहिमा निघाल्या. २०१८ मध्ये चंद्रभागा-१३ शिखराकडे गेलेल्या एका पथकाला आणखी एक देह मिळाला. हे पथक गेलं होतं डोंगरावरचा कचरा गोळा करायला. २०२४ च्या सप्टेंबरअखेर लष्कराचे डोग्रा स्काउट्स आणि तिरंगा माउंटन रेस्क्यू हे बचावपथक यांच्या मोहिमेला चौघांचे अवशेष सापडले. खिशातल्या कागदांवरून ओळख पटली. छप्पन वर्षं बर्फात राहिलेला कागद वाचता आला! चौघे चार राज्यांतले होते: केरळ, उत्तराखंड, हरियाणा, उत्तर प्रदेश. गावोगावी तिरंग्यात लपेटलेल्या पेट्या पोचल्या, मानवंदना झाली, आणि अग्नी देणारे किंवा माती देणारे हात बऱ्याच ठिकाणी पुतण्यांचे, नातवंडांचे होते.

एकशे दोनांपैकी दहासुद्धा अजून हाती लागलेले नाहीत. हिमनदी म्हणजे अतिशय सावकाश वाहणारी नदीच. वर पडलेलं ती खाली आणते, तिच्या सवडीने. आता बर्फ झपाट्याने वितळतो आहे, त्यामुळे ती सवड आखडत चालली आहे. युरोपात माँ ब्लाँवर एअर इंडियाची दोन विमानं कोसळली, १९५० मध्ये ‘मलबार प्रिन्सेस’ आणि १९६६ मध्ये होमी भाभांना घेऊन जाणारं ‘कांचनजंगा’. तिथली बोसाँ हिमनदी पत्रं, वर्तमानपत्रं, राजनैतिक टपालाची थैली असं काहीबाही बाहेर काढते आहे. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला रत्नांनी भरलेली डबी मिळाली, त्याने ती पोलिसांत जमा केली आणि २०२१ मध्ये ती रत्नं तो आणि शामोनीची नगरपालिका यांच्यात वाटली गेली. तिथे सापडलेल्या वस्तूचं काय करायचं याला नियम आहे. ढाका हिमनदीवर सापडणाऱ्या माणसाचं काय करायचं, हे मोहीम निघते की नाही यावर अवलंबून आहे.

बेपत्ता हा शब्द आपण फार सहज वापरतो. विमान पडलं तर शोक करता येतो, पण विमान बेपत्ता झालं तर घरात नक्की काय करायचं? कायद्याने सात वर्षं काहीच ठावठिकाणा नसला की माणूस मेला असं धरता येतं. पण कायद्याने धरलं म्हणून बाईने कुंकू पुसायचं का, वर्षश्राद्ध कुठल्या तिथीला घालायचं, याचं उत्तर कायद्यात नाही. अशा घरांना सरकारकडून पेन्शन मिळते, पत्र मिळतं. विमान परत का फिरलं, शेवटचा निरोप काय होता, हवामानाचा अंदाज कुणी दिला होता, शोध किती दिवस आणि कुठे घेतला, हे त्यांना कुणी बसवून सांगितलं असेल का, याची मला दाट शंका आहे. हवाई दलाने एएन-१२ जातीची विमानं १९९३ च्या सुमारास निवृत्त केली. ज्या विमानाचा सांगाडा आपल्याकडे फक्त संग्रहालयात उरला आहे, त्याच्या १९६८ च्या अपघाताच्या अहवालात आता कोणतं गुपित शिल्लक असेल?

हिमालयातल्या अपघातांचा इतिहास खरं तर याच्याही आधी सुरू होतो, आणि तो परक्यांचा आहे. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातला रस्ता जपान्यांनी तोडल्यावर चीनला रसद पोचवण्यासाठी अमेरिकनांनी आसामातल्या छबुआ, दिनजान, जोरहाटसारख्या धावपट्ट्यांवरून कुनमिंगपर्यंत हवाई पूल बांधला. वैमानिकांनी या वाटेला नाव दिलं ‘हंप’, म्हणजे उंटाचं मदार. तीन वर्षांत सहा लाख टनांहून जास्त माल गेला, आणि सहाशेच्या आसपास विमानं गेली. नकाशे अर्धवट होते, पावसाळा होता, विमानांवर बर्फाचा थर बसायचा, वारा दरीतून असा उसळायचा की मिनिटभरात विमान हजारो फूट खाली. अरुणाचलच्या जंगलात पडलेल्या त्या विमानांचा पत्रा गावकऱ्यांनी भांडीकुंडी आणि अवजारं करायला वापरला. त्यात गैर काय आहे? जंगलात माणसाच्या उपयोगी पडणारी वस्तू आभाळातून पडली होती.

अमेरिकेने मात्र ही माणसं सोडून दिली नाहीत. युद्धात हरवलेल्यांचा शोध घेणारी तिची वेगळी सरकारी संस्था आहे. त्या संस्थेची पथकं अरुणाचलात आली, मध्ये काही वर्षं परवानग्या अडल्या, पुन्हा आली. ‘हॉट अ‍ॅज हेल’ नावाचं बी-२४ विमान २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून छबुआला येताना आठ जणांसह हरवलं होतं. तिथे उत्खनन झालं, आणि एप्रिल २०१६ मध्ये पालमच्या विमानतळावर अमेरिकेचे संरक्षणमंत्री अ‍ॅश कार्टर यांच्या उपस्थितीत तिथून मिळालेले अवशेष मायदेशी रवाना झाले. पुढे गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठाशी त्या संस्थेने करारही केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पासीघाटला ‘हंप’ चं संग्रहालय उघडलं. म्हणजे आपल्याच डोंगरांत, आपल्याच हमालांच्या आणि शिकाऱ्यांच्या पायांवर, दुसऱ्या देशाचे सत्तर वर्षांपूर्वीचे सैनिक शोधले जातात. यात मला अमेरिकेचं कौतुक करायचं नाही, त्यांच्याकडे पैसा आहे आणि प्रतिमेची हौसही. पण शोध हा सरकारच्या कर्तव्याचा भाग आहे, तो मर्जीचा नाही, एवढी एक गोष्ट तिथे ठरून गेली आहे.

आता अहवालाकडे येतो, कारण माझा मुख्य आग्रह तो आहे. अहवाल उघडा केल्याने नक्की काय होतं, याचं उत्तर नेपाळमध्ये मिळतं. १९९२ मध्ये काठमांडूजवळ दोन महिन्यांच्या आत दोन मोठी विमानं पडली. ३१ जुलैला थाई एअरवेजचं एअरबस, ११३ मृत्यू. २८ सप्टेंबरला पाकिस्तान इंटरनॅशनलचं एअरबस, १६७ मृत्यू. दोन्ही अहवाल प्रसिद्ध झाले. थाई विमानात फ्लॅपची, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली येणाऱ्या पट्ट्यांची, किरकोळ अडचण आली, वैमानिक आणि नियंत्रक यांच्यात बोलण्याचा गोंधळ झाला, विमान दक्षिणेला समजून उत्तरेला गेलं आणि लांगटांगच्या डोंगरात घुसलं. पाकिस्तानी विमान पायरीपायरीने खाली उतरायचं होतं, ते प्रत्येक टप्प्यावर एक पायरी आधीच उतरत गेलं. नियंत्रकाला ते दिसण्याची सोय नव्हती, कारण काठमांडूत रडारच नव्हतं. पुढे काही वर्षांनी जपानच्या मदतीने ते बसलं.

वैमानिकाची चूक, एवढंच म्हणून दोन्ही फायली बंद करता आल्या असत्या. अहवाल लोकांसमोर आल्यामुळे प्रश्न पुढे सरकला: चूक झाली हे खरं, पण चूक पकडणारं कुणी का नव्हतं? उतरण्याचा नकाशा वाचायला इतका किचकट का होता? जगभरच्या विमान कंपन्यांनी आपल्या वैमानिकांना काठमांडूचं वेगळं प्रशिक्षण द्यायला घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये पोखऱ्याला ७२ जणांसह एटीआर विमान पडलं. उतरण्याच्या तयारीत फ्लॅपचा दांडा ओढायच्या ऐवजी चुकून शेजारचे दोन दांडे ओढले गेले, दोन्ही प्रोपेलरांची पाती वाऱ्याला समांतर झाली आणि विमानाचं बळ संपलं, हे आज कुणालाही वाचता येतं. जगात कुठल्याही गावात तेच विमान उडवणारा वैमानिक आता त्या दांड्यांकडे दोनदा पाहतो. नागरी विमानचौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो की चौकशीचा हेतू दोष देणं नव्हे, पुढचा अपघात टाळणं हा आहे. प्राथमिक अहवाल तीस दिवसांत, अंतिम शक्यतो वर्षभरात. वेळापत्रक नेहमी पाळलं जातं असं नाही, पण ते आहे, म्हणून ते मोडलं की विचारता येतं.

लष्करी अपघाताला असं वेळापत्रक नाही. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे दलाची अंतर्गत चौकशी, बसते, निष्कर्ष काढते, आणि आपल्यापर्यंत एक वाक्य येतं. कुन्नूरजवळ डिसेंबर २०२१ मध्ये जनरल बिपिन रावत यांच्यासह चौदा जणांचा बळी घेणाऱ्या अपघाताचं (तो हिमालयातला नव्हे, निलगिरीतला, तरी उदाहरण नेमकं आहे) कारण हवाई दलाने एका निवेदनात सांगितलं: अचानक ढगात शिरल्यामुळे वैमानिकाचं दिशाभान हरपलं. पुढे संसदेच्या स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ या काळातल्या ३४ अपघातांची यादी आली, तिथे या अपघातापुढे ‘मानवी चूक’ असा शेरा होता. देशाच्या पहिल्या संरक्षणप्रमुखाच्या मृत्यूला मिळालेलं सार्वजनिक स्पष्टीकरण एवढंच.

अपघाताचं खापर मेलेल्या वैमानिकावर फोडणं ही जगातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, कारण तो उत्तर द्यायला उरत नाही. मराठी वाचकांना कविता गाडगीळ आठवत असतील. त्यांचा मुलगा अभिजित २००१ मध्ये सुरतगडजवळ मिग-२१ कोसळून गेला, दोष त्याच्यावर आला, आणि या आईने तो मान्य केला नाही. अनेक वर्षं त्यांनी मिग-२१ चा प्रश्न चव्हाट्यावर ठेवला. त्यांचं सगळं म्हणणं बरोबर होतं की नाही, यावर तज्ज्ञांचे मतभेद असतील. पण एका आईला स्वतःच चौकशी समिती व्हावं लागलं, यातच व्यवस्थेचं काय ते दिसतं. मिग-२१ ला आपण सप्टेंबर २०२५ मध्ये चंदिगडला निरोप दिला, भाषणं झाली, डोळे पाणावले. त्या साठ वर्षांत त्या विमानाच्या अपघातांचे अहवाल कुठे आहेत, हे त्या दिवशी कुणी विचारल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

गुप्ततेच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात आणि दोन्ही दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला, शत्रूला आपल्या उणिवा कळतील. दुसरा, आपलं म्हणणं उद्या छापून येणार आहे असं माहीत असेल तर वैमानिक आणि तंत्रज्ञ चौकशीत मोकळेपणाने बोलणार नाहीत. मला दुसरा मुद्दा पहिल्यापेक्षा वजनदार वाटतो. ज्या तंत्रज्ञाने नट नीट आवळला नाही, त्याने ते कबूल केलं तरच पुढचं विमान वाचतं. त्याला वर्तमानपत्रात झोडपलं तर पुढचा तंत्रज्ञ तोंड उघडणार नाही.

पण यावर इलाज सापडलेला आहे. अमेरिकेच्या हवाई दलात एकाच अपघाताच्या दोन चौकशा होतात. एक सुरक्षा चौकशी, तिथली साक्ष गोपनीय राहते आणि ती कुणाविरुद्ध वापरता येत नाही. दुसरी अपघात चौकशी, ती स्वतंत्र पुरावा गोळा करते आणि तिचा अहवाल जाहीर होतो. ब्रिटनमध्ये संवेदनशील ओळी काळ्या करून सैनिकी चौकशीचे अहवाल प्रसिद्ध होतात. २००६ मध्ये अफगाणिस्तानात त्यांचं निमरॉड विमान हवेत पेटून चौदा जण गेले. २००९ मध्ये आलेल्या हॅडन-केव्ह अहवालाने मंत्रालयापासून कंपन्यांपर्यंत सगळ्यांना नावानिशी फटकारलं, आणि त्यातून लष्करी विमानसुरक्षेची नवी नियामक संस्था उभी राहिली. ब्रिटिश हवाई दल त्यामुळे दुबळं झाल्याचं ऐकिवात नाही.

शत्रूचा मुद्दा घ्यायचा तर बडगामकडे पाहा. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी, भारत-पाकिस्तान चकमकीच्या सकाळी, श्रीनगरजवळ आपलं एमआय-१७ हेलिकॉप्टर पडलं. हवाई दलाचे सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक मरण पावला. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं होतं. ही गोष्ट अधिकृतपणे मान्य झाली ती ऑक्टोबरमध्ये, नवे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ‘मोठी चूक’ असं म्हटलं तेव्हा. मधले सात महिने देशात निवडणूक झाली, मिरवणुका झाल्या. त्या सात महिन्यांत गोपनीयता कुणापासून होती? ज्यांनी कबुली दिली त्यांचा मी आदर करतो. ती एका प्रमुखाच्या प्रामाणिकपणावर सोडलेली होती, एवढीच माझी तक्रार आहे.

माहितीच्या अधिकाराचा कायदा इथे अपुरा पडतो. वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती द्यावी असं कलम ८ (३) सांगतं, पण देशाच्या सुरक्षिततेचा अपवाद तिथेही कायम ठेवतं, आणि सुरक्षिततेचं नाव घेतलं की १९६८ आणि २०२४ यांत फरक उरत नाही. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांची आणि मोहिमांची कागदपत्रं साधारण पंचवीस वर्षांत खुली करण्याचं धोरण आणलं. अपघातांना तेच लावा. पंचवीस वर्षांहून जुना प्रत्येक लष्करी विमान-अपघाताचा अहवाल आपोआप राष्ट्रीय अभिलेखागारात जावा, रोखायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागावं. नव्या अपघातांसाठी दोन चौकशांची पद्धत आणावी. आणि जाहीर होण्याआधी अहवाल कुटुंबाच्या हातात, त्यांच्या भाषेत, समजावून सांगणाऱ्या अधिकाऱ्यासह पोचावा. अपघाताचं कारण टीव्हीवरून कळणं हा त्या घराचा दुसरा अपघात असतो.

अहवाल छापला की काम झालं, असं मात्र मी म्हणत नाही. केदारनाथच्या दरीत बघा. २०१३ च्या महापुरात बचावकार्य करताना हवाई दलाचं एमआय-१७ पडलं, वीस जण गेले. ऑक्टोबर २०२२ मध्ये गरुडचट्टीजवळ यात्रेचं हेलिकॉप्टर, सात मृत्यू. २०२५ मध्ये ८ मे रोजी उत्तरकाशीत सहा, १५ जूनला गौरीकुंडजवळ पुन्हा सात. ही सगळी यात्रेची हेलिकॉप्टरं नागरी आहेत, त्यांची चौकशी नागरी विमान-अपघात चौकशी विभाग करतो, अहवाल संकेतस्थळावर येतात. तरीही चिंचोळ्या दरीत, एकाच इंजिनावर, ढग खाली येत असताना फेऱ्यांवर फेऱ्या चालतात. कारण बाहेर रांग असते आणि हंगाम छोटा असतो. वैमानिकांमध्ये एक कडवट विनोद आहे की डोंगरातल्या ढगांच्या पोटात दगड असतात. तो विनोद ज्याला कळतो तो उड्डाण रद्द करतो, पण उड्डाण रद्द करणाऱ्याच्या पाठीशी मालक उभा राहील की नाही, हे अहवालातून ठरत नाही. तरी निदान केदारनाथबद्दल मी हे सगळं लिहू शकतो. मेचुकाबद्दल काय लिहू?

मेचुका हे अरुणाचलमधलं, चीनच्या सीमेलगतचं छोटं धावपट्टीचं गाव. ९ जून २००९ रोजी तिथून परतणारं हवाई दलाचं एएन-३२ हे मालवाहू विमान डोंगरात पडलं, १३ मृत्यू. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून तिकडे निघालेलं दुसरं एएन-३२ हरवलं, त्यातही १३ जण. आठ दिवस शोध चालला, माहिती देणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस लागलं, आणि अखेर ११ जूनला लिपोच्या उत्तरेला बारा हजार फुटांवर अवशेष दिसले. दहा वर्षांत त्याच भागात, त्याच जातीचं विमान, तितकेच लोक. पहिल्या अपघातातून काय शिकलो, काय बदललं, काय बदलायचं राहून गेलं? हे विचारायला आपल्याकडे एकसुद्धा प्रसिद्ध दस्तऐवज नाही.

शोधाबद्दलही तेच. गिलगिटहून इस्लामाबादला निघालेलं पाकिस्तानचं फॉकर २५ ऑगस्ट १९८९ रोजी ५४ जणांसह हरवलं, ते आजपर्यंत मिळालेलं नाही. म्हणजे पर्वत सगळंच परत देतो असं नाही, आणि सगळं शोधून काढावं असा हट्टही मी धरणार नाही. डोंगरात शोधणाऱ्यांचाही जीव जातो. पण उलट उदाहरणही आपल्याच घरचं आहे. जुलै २०१६ मध्ये चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह हरवलेलं एएन-३२ जानेवारी २०२४ मध्ये समुद्रात ३,४०० मीटर खोलीवर दिसलं, राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या पाण्याखालच्या स्वयंचलित यंत्राने टिपलेल्या छायाचित्रांत. साडेसात वर्षांनी का होईना, घरच्यांना कुठे ते कळलं. समुद्रतळ धुंडाळणारं यंत्र आपल्याकडे आहे. दरवर्षी बर्फ सर्वांत कमी असतो त्या दिवसांत ढाका हिमनदीच्या तोंडाशी ठराविक पथक जाईल, उपग्रहाची छायाचित्रं आधी तपासेल, सापडलेल्याची डीएनए नोंद करेल आणि उरलेल्या कुटुंबांचे नमुने आजच घेऊन ठेवेल, याला त्याहून जास्त खर्च येणार नाही.

शेवटचं काम सर्वांत निकडीचं आहे. १९६८ मध्ये विशीत असलेल्या जवानाची भावंडं आज ऐंशीच्या घरात आहेत. हिमनदी आणखी पन्नास वर्षं देह देत राहील, पण नमुना द्यायला ती भावंडं नसतील, आणि खिशातला प्रत्येक कागद काही वाचता येण्याजोगा निघणार नाही.